काचेवरच्या काळ्या रेघा

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी पुन्हा नोकरीवर. वय अठ्ठावन्न, आणि साहेब कोण, तर माझी नणंद. ती नऊ वर्षांची असताना मी या घरात लग्न होऊन आले. तिच्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, पाढे पाठ करून घेतले. आज तिनं मला टोपी आणि तोंडावर पट्टी बांधायला लावून वर विचारलं, "बाई, पावडर लावून आला नाहीत ना?" घरी 'वहिनी, तू' आणि इथे 'बाई, तुम्ही'. मी म्हटलं, "नाही हो साहेब." तिला हसू आलं होतं, पण पट्टीखाली दिसलं नाही.

काम काय ते लिहून ठेवते, नाहीतर उद्यापर्यंत विसरेन. पोस्टकार्डाएवढी काचेची प्लेट असते. तिच्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हजारो खळगे. त्या खळग्यांत थेंब थेंब शाई सोडायची, ऑफिसातल्या प्रिंटरसारखी, फक्त कागदाऐवजी काचेवर. ही शाई म्हणजे रंग नव्हे, पातळ केलेलं पॉलिमर. प्लास्टिकचाच कुणीतरी शिकलेला भाऊ, असं मी आपलं समजून घेतलंय. वाळल्यावर त्यातून वीज सोडली की ते स्वतःच उजळतं, मागे दिवा लागत नाही. एका बाटलीतून लाल उजेड, दुसरीतून हिरवा, तिसरीतून निळा. पुढे कधीतरी अशा पडद्याची गुंडाळी करून पिशवीत टाकता येईल म्हणे. आमच्या साहेबांचं हे अकरा वर्षांचं वेड आहे.

दोन एप्रिलला एका मोठ्या कंपनीचे पाहुणे येणार आहेत. त्यांना तिन्ही रंगांचे पट्टे एकसारखे उजळलेली, एकही डाग नसलेली प्लेट दाखवायची. जमलं तर ते हिला त्यांच्या कारखान्यात नेणार, इथून आगगाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर. नाही जमलं तर ही खोली रिकामी करायची, वेडाला कुलूप लावायचं आणि हिनं पुन्हा जवळच्या कॉलेजात शिकवायचं.

आधीचे दोन मदतनीस कंटाळून गेले. "मला छापखान्यातला हात हवाय," म्हणाली. सत्तावीस वर्षं मी छापखान्यात शाई मिसळली हे खरं आहे. पण हे गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मी खिडकीशी बसून असते आणि मला घराबाहेर काढायचा हा डाव आहे, हे न कळायला मी दूधखुळी नाही. असो. तिचं काम होऊ दे. ती गेली की घर मोकळं होईल, न्हाणीघरात तिचे केस अडकणार नाहीत आणि प्रत्येक खोलीतला दिवा मला बंद करत फिरावं लागणार नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्यात तिसरा माणूस एकच, पॉलिमर बनवणारा रसायनवाला. त्याला सगळे 'दाढी' म्हणतात, तोही हाकेला ओ देतो. तो संध्याकाळी तिन्ही बाटल्या गाळून, बंद करून कपाटात ठेवतो. सकाळी मी त्या काचेच्या पेटीत ठेवायच्या. पेटीला दोन भोकं, भोकांना रबरी हातमोजे चिकटवलेले. आत हवा आणि ओल शिरली की पॉलिमर मरतं, म्हणून माणूस बाहेर आणि हात आत. पहिल्यांदा हात घातले तेव्हा दुसऱ्याच कुणाचे हात चालवतेय असं वाटलं.

साहेब दहाला येतात, पण मी नऊलाच हजर असते. तिनं सव्वीस नियमांची यादी भिंतीला लावलीय, ती मी पाठ केली. तरी काही गोष्टी यादीत लिहाव्या लागत नाहीत, त्या हाताला माहीत असतात. छापखान्यातला पहिला धडा, शाईचा डबा हलवल्याशिवाय उघडायचा नाही. खाली बसलेला रंग खालीच राहतो आणि छपाई फिकी येते. मी तिन्ही बाटल्या शंभर शंभर वेळा हलवून मगच पेटीत ठेवल्या.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज उजेड पाहिला!

प्लेट छापून झाली की आधी जांभळ्या दिव्याखाली धरतात. त्या दिव्यात पॉलिमर विजेशिवायही चमकतं, म्हणजे थेंब कुठे पडला आणि कुठे नाही ते लगेच कळतं. खोलीतले दिवे बंद केले आणि काचेवर हिरवा पट्टा उभा राहिला. इतका हिरवा रंग मी सत्तावीस वर्षांत कधी मिसळला नाही. माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं. नणंद माझ्याकडेच बघत होती, प्लेटकडे नाही.

मग तिनं भिंग लावलं. पट्ट्यात काळ्या रेघा होत्या, अगदी सरळ, वरपासून खालपर्यंत. शाई सोडणाऱ्या हेडला केसाहून बारीक एकशे अठ्ठावीस भोकं आहेत. त्यातली पाच-सहा मध्येच थेंब टाकायची बंद पडली. "गुठळ्या," ती म्हणाली. "पॉलिमर नीट विरघळलेलं नाही." दाढीनं दाढी खाजवली आणि आणखी बारीक गाळणी आणतो म्हणाला.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आज माझा मोठेपणा.

रेघांखेरीज अजून एक दुखणं होतं. वाळलेला प्रत्येक थेंब कडेला जाड आणि मध्ये पातळ. टेबलावर सांडलेला चहा वाळला की कडेला गोल उमटतो ना, तसं. त्यामुळे कडा उजळते आणि पोट अंधारात. दोन दिवस दोघं वेगवेगळी द्रावणं मोजत बसले होते. मी म्हटलं, "घाई कशाला करता? छापखान्यात ओला कागद वाऱ्यावर वाळवला तर आम्हाला शिव्या बसायच्या. झाकून ठेवा की." पेटीत प्लेटवर एक उथळ झाकण ठेवलं, शेजारी शाई पातळ करायच्या द्रावकाचे चार थेंब ठेवले आणि वीस मिनिटं थांबलो. थेंब सपाट वाळले! सगळे नाहीत, पण बरेचसे.

दाढी म्हणाला, "बाई, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, पण तुम्ही जगलात." नणंदेनं तिच्या वहीत लिहिलं, 'झाकणाची सूचना: बाई.' मी तिच्या खांद्यावरून वाचलं. घरी आल्यावर स्वयंपाक करताना मी गुणगुणत होते असं ती म्हणते. मला नाही आठवत.

२७ फेब्रुवारी, बुधवार

रेघा तशाच आहेत. आज अकरा. हेड तीनदा धुतलं. धुतल्यावर पाच मिनिटं ठीक चालतं, मग पुन्हा तेच.

गुठळ्या असतील तर आणखी ढवळायला हव्यात, हे साधं आहे. आजपासून मी शंभराऐवजी दोनशे वेळा हलवते. मनगट दुखतं, पण त्याचं काही नाही.

परवा साहेबांनी जेवताना विचारलं, "वहिनी, तुला थंडी सोसते का गं?" मी म्हटलं, "तुझ्या त्या खोलीत रोज गारठतेच आहे की." दुसऱ्या दिवशी जाड स्वेटर घेऊन आली. एवढा जाड की तो घालून पेटीत हातच जात नाहीत. शिकलेली माणसं कधीकधी अगदीच बावळट असतात.

९ मार्च, शनिवार

घरीच. दुपारी ती माझ्या शिवणयंत्राभोवती फिरत होती. "याचं वजन किती असेल?" मी म्हटलं, "तुला उचलायचंय का?" तर म्हणे, "सहज." मग माझा जन्माचा दाखला कुठे आहे ते विचारलं, प्रयोगशाळेच्या पाससाठी. पास तर पहिल्याच दिवशी झाला होता. हल्ली तिचं डोकं ठिकाणावर नाही, काळजीनं असं होतं.

संध्याकाळी जिन्यात शेजारीण भेटली, म्हणाली, "नणंद गेल्यावर करमेल का हो तुम्हाला?" मी म्हटलं, "न करमायला काय झालं? मी काय कुकुलं बाळ आहे?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर येऊन पाहिलं तर ती टेबलावर डोकं ठेवून झोपली होती, चष्म्यासकट. चष्मा काढून ठेवला. कपाळावर चष्म्याची खूण पडली होती, ती मी बराच वेळ बघत बसले.

खरं लिहायचं तर करमणार नाही. आम्हाला मूल झालं नाही. लोकांना वाईट वाटायचं, पण मला नाही वाटलं, कारण घरात ही होती. हे मी यांनाही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

१४ मार्च, गुरुवार

आज प्रयोगशाळेत वाजलं. रेघा सतरा. नणंद दाढीला म्हणाली, "तुमच्या मालात खोट आहे. आठ वर्षं मी तुमच्यावर विसंबले." तो म्हणाला, "मी प्रत्येक बाटली तीनदा गाळतो, तिच्यातली हवा स्वतः काढतो. अजून काय करू, सांगा." आवाज चढला नव्हता. ती दार ओढून बाहेर गेली.

मनातून मलाही त्याचंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. दोनशे वेळा हलवूनही ज्या गुठळ्या फुटत नाहीत, त्या त्यानंच घातलेल्या असणार. तरी वाईट वाटलं. मी त्याच्यासाठी चहा आणला. तो पिता पिता म्हणाला, "बाई, तुम्ही तरी रागावू नका."

२१ मार्च, गुरुवार

बारा दिवस राहिले.

आज दाढी मला म्हणाला, "या, दाखवतो माझी तपश्चर्या. निदान एका माणसानं तरी बघावी." त्यानं बाटली एका जाड काचेच्या भांड्यात ठेवली आणि पंप लावून भांड्यातली हवा ओढली. शाई उकळत्या दुधासारखी वर आली, फसफसली, मग हळूहळू खाली बसली. पुन्हा ओढली. असं दोन तास. मी विचारलं, "हे कशासाठी?" तो म्हणाला, "विरलेली हवा काढायला. एक बारीकसा बुडबुडा जरी भोकामागे अडकला ना, तर हेडनं मारलेला धक्का तोच गिळून टाकतो आणि थेंब बाहेर पडत नाही. ही शाई दाट, बुडबुडा तासन्‌तास सुटत नाही. म्हणून तर हवा काढल्यावर मी बाटली अशी नेतो." आणि पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तशी त्यानं ती दोन्ही हातांनी कपाटापर्यंत नेली.

मी म्हटलं, "फार कष्टाचं काम आहे." घरी आले. जेवण गेलं नाही. का ते आत्ता लिहीत नाही.

२२ मार्च, शुक्रवार

लिहायलाच हवं.

सकाळी कपाट उघडलं. हिरवी बाटली हातात घेतली आणि माझं मनगट आपोआप हलायला लागलं. सात-आठ झटक्यांनंतर थांबवलं. बाटली उजेडाकडे धरली. आत बारीक फेस होता, साबणाच्या पाण्यात असतो तसा. रोज असणार. मी कधी बघितलाच नाही, हलवून झाली की सरळ पेटीत ठेवायचे.

छापखान्याच्या शाईत रंगाची पूड असते, ती खाली बसते, म्हणून हलवायची. हे पॉलिमर मिठासारखं विरघळलेलं असतं, त्यात खाली बसायला काही नाहीच. माझ्या शहाणपणाचं काय झालं ते आता लिहायला नको. अति तिथे माती.

नणंद आज दिवसभर बाहेर बैठकीला होती. मी निळ्या बाटलीला झटका न देता, दाढीसारखी दोन्ही हातांनी नेऊन, साध्या काचेवर एक पट्टा छापला. जांभळ्या दिव्याखाली धरला. डोळे मिटले आणि उघडले. एकही रेघ नव्हती. कडेपासून कडेपर्यंत निळा.

आनंद व्हायला हवा होता. मी काच रुमालात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. तिनं आल्यावर विचारलं, "आज काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

२३ मार्च, शनिवार

काल ती काच तिच्या हातात ठेवली असती तर दोन एप्रिलला पाहुणे खूश आणि महिन्याभरात ही आगगाडीत. नाही ठेवली तर ही घरी. मला काही करावं लागणार नाही, फक्त गप्प बसायचं. एवढं सोपं पाप मला आयुष्यात कुणी देऊ केलं नव्हतं.

आणि आज सकाळी चहा घेताना ती आपणहून म्हणाली, "वहिनी, नाही जमलं तर नाही जमलं. सोमवारी कळवून टाकते त्यांना, की पॉलिमर भरवशाचं नाही म्हणून. कॉलेजात शिकवेन. तू आणि मी इथेच राहू. वाईट काय आहे त्यात?" आवाजात जरासुद्धा दुःख नव्हतं. किती धीराची आहे! माझ्यासमोर अकरा वर्षांवर पाणी सोडते आणि चेहऱ्यावर दाखवत नाही. मी म्हटलं, "बघू." चहाचा कप विसळायला उठले, कारण माझा चेहरा तिला दाखवण्यासारखा नव्हता.

२४ मार्च, रविवार

दुपारी दाढीचा फोन आला, तिला नाही, मला. म्हणाला, "बाई, काल सगळी काचभांडी आम्लानं धुतली. नवी गाळणी लावली. उद्या शेवटचं बघू म्हणतो. नाहीतर मीच सोडतो, म्हणजे मॅडमना दुसरा कुणी चांगला माणूस घेता येईल." मी "हो, हो" म्हणत राहिले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल. चोराच्या जागी बसून आज पहिल्यांदा ऐकली. ही घरी राहावी असं मला वाटतं, पण अशी नाही. मला तिचं तोंड बघायचंय आणि माझं तिला दाखवायचंय. उद्या सांगणार.

२५ मार्च, सोमवार

सांगितलं.

दोघं खोलीत होते. मी पिशवीतून काच काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "दाढीच्या मालात काही खोट नाही. खोट माझ्या मनगटात आहे." सगळं सांगितलं. दाढी म्हणाला, "रोज? तिन्ही बाटल्या?"

"दोनशे वेळा," मी म्हटलं.

तो स्टुलावर बसला आणि इतका हसला की चष्मा पुसावा लागला. "म्हणजे माझा माल चांगला होता! मॅडम, माझा माल चांगला होता!" त्याला रागवायला फुरसतच नव्हती. तसाच नव्या बाटल्या भरायला पळाला.

नणंद हसली नाही. काच दिव्याखाली धरून बघत होती. "हे केव्हा छापलं?"

"शुक्रवारी."

"आज सोमवार आहे."

"हो."

"तीन दिवस तुम्ही गप्प बसलात. मी शनिवारी तुमच्यासमोर म्हटलं, त्यांना नकार कळवते, तरी बसलात. का?"

खोटं सांगायला दहा कारणं होती. मी म्हटलं, "तू जाशील म्हणून."

तिनं काच खाली ठेवली. पेटीच्या हातमोज्यांत हात घातले आणि आतली स्वच्छ प्लेट पुसायला लागली. कितीतरी वेळ पुसत होती. मग पाठमोरीच म्हणाली, "उद्यापासून बाटल्या मी ठेवेन."

२६ मार्च, मंगळवार

घरीसुद्धा 'तुम्ही'. "तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल." थोबाडीत बसली असती तरी चाललं असतं. माझ्या जागी दुसरी मदतनीस असती तर काढून टाकली असती, आणि बरोबरच होतं. मी दिवसभर टोपी घालून कोपऱ्यात फरशी पुसली.

२८ मार्च, गुरुवार

सकाळी चहा ठेवला तर ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, यादीत सव्वीस नियम लिहिले आणि 'बाटली हलवू नये' हा लिहिलाच नाही. छापखान्यातला हात मागून घेतला, तो हात काय करतो ते विचारलं नाही. ती चूक माझी."

मी म्हटलं, "आणि तीन दिवस?"

"त्याचा राग आहे अजून. पण तुला वाटतं त्याचा नाही."

"मग कशाचा?"

"मी जाईन असं तू परस्पर ठरवून टाकलंस. मला काही विचारलंस का?"

मला काही कळलं नाही. न जाऊन काय करणार? पण ती पुन्हा 'तू' म्हणाली होती, म्हणून मी पुढे विचारलं नाही. प्रयोगशाळेत गेल्यावर तिनं भिंतीवरच्या यादीत सत्ताविसावा नियम लिहिला आणि म्हणाली, "बाई, आजच्या बाटल्या तुम्ही ठेवा." माझे हात इतके सावकाश कधीच चालले नव्हते.

२९ मार्च, शुक्रवार

झाली! आज झाली!

मी छापली, झाकण ठेवून वाळवली, दाढीनं धातूचा थर दिला, वर दुसरी काच चिकटवून ती बंद केली आणि नणंदेनं तारा जोडल्या. बटण दाबायला तिनं मला सांगितलं. मी नको नको म्हणत होते, तिनं माझं बोट धरून दाबलं. लाल, हिरवा, निळा, तिन्ही पट्टे एकदम. काळी रेघ कुठे नाही. त्या पोस्टकार्डाएवढ्या काचेच्या उजेडात तिघांचे चेहरे दिसत होते. दाढीची दाढी अर्धी लाल, अर्धी निळी.

ती रडली. आनंदानंच. मीही रडले, पण माझं कारण वेगळं होतं, आणि थोडं तेच होतं. यांना दाखवायला हवी होती ही काच. बहिणीला खांद्यावर घेऊन नाचले असते, गुडघे दुखत असतानासुद्धा.

२ एप्रिल, मंगळवार

पाहुणे दोन. एक उंच बाई, फार कमी बोलणाऱ्या, आणि एक गृहस्थ, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारे. बाईंनी प्लेट चार तास पेटती ठेवली आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. शेवटी म्हणाल्या, "छपाई कुणी केली?"

नणंद म्हणाली, "माझ्या वहिनीनं."

गृहस्थांनी वहीत लिहिलं आणि विचारलं, "वहिनी म्हणजे, पदनाम काय लावू?"

दाढीला ठसका लागला. नणंद गंभीरपणे म्हणाली, "तेच लावा."

त्यांनी तिथल्या तिथे बोलावणं दिलं. आणि ही शहाणी म्हणते, "चार दिवसांत कळवते." मी पेटीमागे उभी होते म्हणून गप्प राहिले. घरी आल्यावर सोडली नाही. "समोर वाढलेलं ताट कुणी ढकलतं का? माझ्यासाठी थांबत असशील तर बघ, मी माझी समर्थ आहे." ती म्हणाली, "हो, माहीत आहे." आणि फोन घेऊन गच्चीत गेली. अर्धा तास कुणाशी तरी वाद घालत होती.

६ एप्रिल, शनिवार

काल मी तिची बॅग काढून पुसली. आतले खण नीट केले, औषधांची यादी केली, तिला कुठल्या गोळीनं पित्त होतं तेही लिहिलं. मन घट्ट केलं होतं. पोरीला हसत पाठवायचं, रडायचं ते नंतर, सवडीनं.

आज सकाळी ती टेबलाशी कंपनीचा फॉर्म भरत बसली होती. म्हणाली, "वहिनी, इथे सही कर."

"माझी सही कशाला? तू चाललीस."

"घर मिळायचा फॉर्म आहे. घरात राहणाऱ्या सगळ्यांची लागते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती बोलतच होती. तिथल्या कारकुनाशी चार दिवस भांडतेय म्हणे. नवरा, मुलं, आईवडील चालतात, भावाची बायको कुठल्याच रकान्यात बसत नाही, असं तो म्हणतो. पहिल्या दिवसापासून तिनं ठरवलं होतं, दोघी जायचं नाहीतर कुणीच नाही. दोन महिने मला आडून आडून विचारत होती आणि मी तिलाच बावळट म्हणत होते.

मी खूप रागावले. मला न विचारता? हे घर कोण बघणार? या वयात मी परक्या गावात जाऊन काय करू? ती म्हणाली, "छपाई. त्यांच्याकडे हेड चाळीस आहेत आणि सगळी शिकलेली पोरं बाटल्या कशा उचलतात ते तू बघशीलच." मी म्हटलं, "आणि तो रकाना? त्यात मी बसत नाही ना?"

"रकाना मी दुरुस्त केला," ती म्हणाली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

चष्मा लावला. छापलेलं होतं, 'अर्जदारावर अवलंबून असलेली व्यक्ती'. त्यावर शाईची सरळ आडवी रेघ. वर तिच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'अर्जदार जिच्यावर अवलंबून आहे ती व्यक्ती'. आणि पुढे माझं नाव, पूर्ण.

मी म्हटलं, "खाडाखोड केलेला फॉर्म कुणी घेत नाही."

"घेतील. काल त्या उंच बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, तसाच पाठवा."

त्यानंतर सही कुठे करायची ते मला दिसेना, अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी झाली. तिनं कागदावर बोट ठेवलं, आणि तिच्या बोटाशेजारी मी सही केली.